कडेच्या ओळी मोजत नाहीत

तीर्थरूप मामींना गवत्याचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्यांची तब्येत विचारायची असते हे मला माहीत आहे, पण अडतीस वर्षं वॉर्ड हाताखाली ठेवलेल्या सिस्टरबाईंना तब्येत विचारणं म्हणजे आपण होऊन तपासणीच्या टेबलावर आडवं होणं आहे. मागे एकदा फोनवर सहज ‘बरं आहे ना’ म्हणालो, तर तुम्ही उलट माझीच झोप, माझंच पोट, माझ्याच पायांची सूज अशी चौकशी करून शेवटी माझं मीठ बंद केलंत. (ते अजून बंद आहे. आमच्या घरात तुमचा शब्द खाली पडत नाही, माझा पडलेला कोणी उचलत नाही.) तेव्हा एवढंच म्हणतो की गुडघा बरा असावा आणि रक्तदाब तुमच्या धाकात असावा. खोकला मात्र बराच कमी झाला आहे, त्याचा आनंद वाटला. हे मला कसं कळलं ते पुढे येईलच. स्वतः येऊन भेटायचं फार मनात होतं, पण कामाच्या गडबडीत तुमच्या दारापर्यंत येणं काही जमलं नाही. राग नसावा.

आमच्याकडे सगळे खुशाल. माझं म्हणाल तर गेले आठ दिवस मी जेवल्याजेवल्या ढाराढूर झोपतो आहे, इतका की सौ.ने दोनदा नाकाशी हात धरून बघितला. (पद्धत तुम्हीच शिकवलेली.) कारण असं की आमचा गवत विभाग वाचला. निवृत्तीला चार महिने उरलेले असताना माझ्या देखत तो बंद होणार होता, तो राहिला, आणि मुकादमबाईंसकट अकरा बायकांची कामं टिकली. सुटलो, मामी. म्हणजे जवळजवळ सुटलो. राहिलेलं थोडंसं तुमच्या हातात आहे, पण त्याची आत्ता घाई नाही. आधी हकीकत ऐका.

माझी नोकरी नेमकी कसली, हे अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला पटलेलं नाही. गवत आपोआप उगवतं, त्याला पगारी माणूस कशाला, हा तुमचा प्रश्न. तो मला लेकीच्या सासरच्यांपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे, फरक एवढाच की त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली. म्हणून एकदाच शेवटचं सांगतो. वेगवेगळ्या जातींचं गवत सारख्या मापाच्या चौकोनांत लावायचं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी विळ्याने कापायचं, तिथल्या तिथे तोलायचं, त्यातलं अर्धा किलो कागदी पिशवीत भरून ओव्हनमध्ये वाळवायचं, पुन्हा तोलायचं आणि वहीत लिहायचं. मग ते वाढेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं आणि पुन्हा कापायचं. कुठलं गवत जास्त येतं आणि कुठलं जनावराला मानवतं, हे असं वर्षानुवर्षं तोलून ठरतं. (त्याच ओव्हनच्या वरच्या खणात बायका जेवणाचे डबे गरम करतात. एकदा बारा नंबरच्या पिशवीऐवजी एकीचा डबा तोलला गेला आणि त्या वर्षी बारा नंबर पहिला आला. हे कोणाला सांगू नका.) दहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की गवत आता नुसतं जनावरांनी खायचं नाही, कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळायचंही आहे, म्हणजे कोळसा वाचतो. तेव्हापासून गाईच्या पोटात किती पचतं हे बघता बघता मी त्याच गवताची राख किती पडते हेही बघू लागलो. सौ. म्हणाली, अठरा वर्षं लेकरासारखं वाढवलंत आणि आता राख मोजताय, काय माणूस आहात. राख कमी पडली की घरी येऊन खुशीत सांगणारा मीच होतो.

आता कडेच्या ओळींबद्दल सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. चौकोनाच्या कडेला उभ्या असलेल्या गवताला ऊन-वारा मोकळा मिळतो, त्यामुळे ते आतल्यापेक्षा उगीचच जोरात वाढतं. म्हणून कापणीच्या दिवशी आधी कडेच्या ओळी कापून कुंपणाबाहेर टाकायच्या आणि मग आतल्या गवताचं वजन करायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कडेच्या ओळी मोजत नाहीत. शिवाय सगळ्या चौकोनांभोवती मिळून गवताचं आणखी एक कडं असतं, वारा आणि भटकी जनावरं अडवायला. त्याला तर वहीत नावसुद्धा नसतं. ते कुठलंही असलं तरी चालतं आणि कुठून आणलं हे कोणी विचारत नाही. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मामी. माझी सगळी नोकरी या वाक्याच्या आडोशाने झाली आहे.)

माझी भिस्त होती सतरा नंबरवर. हे माझं स्वतःचं गवत. एकोणीस वर्षं निवडून निवडून केलेलं, रुंद पानांचं, गोड खोडाचं, फोटोत फार छान येणारं. विभाग ठेवायचा की आमची जमीन शेजारच्या फुलांच्या विभागाला देऊन टाकायची, हे ठरवायला तपासणी समिती येणार असं पत्र आलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. सतरा नंबर दाखवला की काम फत्ते. समिती बुधवारी यायची होती. मंगळवारी दुपारी अर्धा तास वारा सुटला, फार नाही, दोरीवरचे कपडे उडतील इतकाच, आणि सतरा नंबर आडवा झाला. एक चौकोन नाही, सहाच्या सहा. मी आणि मुकादमबाईंनी संध्याकाळपर्यंत खपून काठ्या आणि सुतळी लावून पहिल्या चौकोनातलं थोडं उभं केलं. सकाळी समिती आली तेव्हा ते तुमच्या वॉर्डातल्या प्लॅस्टर घातलेल्या पेशंटसारखं दिसत होतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे जाड चष्म्याचे, कमी बोलणारे, बूट चिखलात रुतला तरी खाली न बघणारे गृहस्थ. त्यांनी सुतळी बघितली, मला बघितलं आणि पुढे चालू लागले. फुलांच्या विभागाचे प्रमुख मागून मोजपट्टी घेऊन चालत होते. (खरोखरची मोजपट्टी. काचघर कुठे बसेल ते बघत होते.) मी घाबरून सतरा नंबरच्या पानातल्या प्रथिनांबद्दल बोलत सुटलो होतो आणि अध्यक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. पलीकडे शेताच्या चारी बाजूंनी ते कडेचं कडं, पुरुषभर उंच, सरळ, वाऱ्याला भीक न घालता उभं होतं. त्यांनी विचारलं, हे कुठलं. मी म्हणालो, ते कडेचं आहे साहेब, ते मोजत नाहीत. त्यांनी विचारलं, का मोजत नाहीत. आता याचं शास्त्रीय उत्तर मला झोपेतून उठवलं तरी देता येतं, आणि मी ते देत असतानाच मागून मुकादमबाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी मोजलंय.’

झालं होतं असं, की आठ वर्षांपूर्वी आतल्या एका चौकोनातली रोपं मेली आणि जागा उघडी पडली. मी म्हणालो होतो, काहीतरी लावून टाका. बाईंनी कडेचेच ठोंब, म्हणजे मुळांसकट जुडगे, उपटून तिथे लावले. असल्या भरतीच्या चौकोनाचंही आम्ही वजन करत नाही. पण वहीत त्याचा रकाना असतो आणि बाईंना रिकामा रकाना बघवत नाही. त्यांनी आठ वर्षं, प्रत्येक कापणीला, त्या चौकोनाच्या कडेच्या ओळी रीतसर काढून, आतलं गवत तोलून, वाळवून, पुन्हा तोलून, स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं. वही त्यांच्या डब्याच्या पिशवीत होती. अध्यक्षांनी ती आधी उभ्याउभ्या चाळली, मग बांधावर बसून वाचली. सतरा नंबरच्या सव्वापट. आठही वर्षं. मी म्हणालो, बाई, मला कधी सांगितलं नाहीत. तर म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही सतरा नंबरशी बोलत असायचात. मधे कशाला पडायचं?’ वर असंही कळलं की सगळ्या बायका घरच्या गुरांना कडेचंच नेतात, सतरा नंबर टाकला तर गुरं तोंड फिरवतात. कुंपणाबाहेरचा ढीग न्यायला गाडी पाठवणारा कारखान्याचा बॉयलरवाला तर दोन वर्षांपासून सांगत होता, साहेब, बाहेरचंच द्या, आतलं जाळलं की जाळीवर राखेचे दगड बसतात. मला वाटायचं, त्याला गाडी आत आणायचा कंटाळा आहे. म्हणजे गुरांना कळलं, बॉयलरला कळलं, फक्त डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग यात सुटका कसली, एकोणीस वर्षं पाण्यात गेली. तसं मलाही पाच मिनिटं वाटलं. पण वही मिटून अध्यक्ष हसले आणि फुलवाल्या साहेबांनी मोजपट्टी खिशात घातली, तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला तो उतरलाच. कुठल्या का गवताने होईना, विभाग राहिला. कडेच्या गवताची रीतसर नोंद करू, नवा वाण म्हणून पुढे पाठवू, असं अध्यक्ष तिथेच म्हणाले. मग त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, हे मूळ कुठून आणलंत?

इथून पुढचं पत्र, मामी, खुर्चीत बसून वाचा. शेजारी पाण्याचा पेला असू द्या.

आठवतंय का, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे तीन आठवडे राहायला होतो. नोकरी कच्ची होती, वर्षभराची. हिंडून गवताचे पन्नास नमुने गोळा करायचे, तेवढे झाले तर पक्की होण्याची आशा. माझे एकोणपन्नास झाले होते आणि पन्नासावा मी रोज सकाळी दात घासताना तुमच्या मोरीच्या मागे बघत होतो. सांडपाण्यावर पोसलेला, कमरेइतका, काळपट हिरवा ठोंब, तुमच्या डेलियाच्या वाफ्याला खेटून. तुम्ही त्याला घाण म्हणायचात. मागितला असता तर आनंदाने दिला असतात, वर पोतंही दिलं असतंत, हे मलाही माहीत आहे. पण त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी होती, तुम्ही दिवसा झोपायचात, आणि झोपलेल्या सिस्टरबाईंना उठवेल असा माणूस त्या घरात नव्हता. मामासुद्धा चपला हातात घेऊन चालायचे. मला तर दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने जमा करायचे होते. म्हणून दुपारी तीन वाजता मी एकटाच कुदळ घेऊन मागे गेलो. ठोंब हलेना. शेवटी कुदळ बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी धरला आणि असेल नसेल तो जोर लावला. तो निघाला, मामी. एकदम निघाला. आणि मी ठोंब कवटाळून मागच्या मागे बसलो तो थेट तुमच्या डेलियावर.

कुठला डेलिया ते सांगायला नको. जेवणाच्या ताटाएवढा, जांभळा, रविवारच्या फुलांच्या प्रदर्शनासाठी तुम्ही बाकीच्या कळ्या खुडून खुडून वाढवलेला, ज्याच्यावर दुपारची छत्री धरायला तुम्ही मामांना रजा काढायला लावली होतीत, तो. (नेमके त्या दिवशी मामा छत्री दुरुस्तीला घेऊन गेले होते.) मी उठलो तेव्हा तो नव्हता. शेजारचे तीनही नव्हते. मी हातपाय गाळून उभा असतानाच कुंपणाच्या फटीतून शेजारच्या घड्याळवाल्यांची शेळी आली. ती रोजच यायची. घड्याळवाल्या काकूंच्या बाळाला गाईचं दूध पचत नव्हतं म्हणून ठेवलेली, गरीब, मऊ नाकाची. तिने पडलेली फुलं हुंगली आणि खायला सुरुवात केली. पडलेली फुलं, मामी. उभ्या झाडाला तिने तोंड लावलं नाही. मी ठोंब पोत्यात कोंबला आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आलो. तेवढ्यात तुम्ही उठून मागे गेलात आणि तोंडात जांभळ्या पाकळ्या घेतलेली शेळी बघितलीत. तुम्ही मला हाक मारलीत आणि विचारलंत, ‘तू बघितलंस का रे?’ आणि मी म्हणालो, हो मामी, शेळीच.

त्याबद्दल त्या संध्याकाळी तुम्ही मला जेवताना जास्तीचं वाढलंत. मी ते खाल्लं. एवढं सांगितलं की माझ्याबद्दल सांगायचं फारसं काही उरत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहू द्या. शेळी आठ दिवसांत विकली गेली. कुंपणाच्या जागी मामांनी भिंत बांधली, आधी खांद्याएवढी, मग तुम्ही आणखी चार थर चढवायला लावलेत. काकू आणि तुम्ही रोज पाच वाजता मागच्या पायरीवर विणायला बसायचात, एकाच जर्सीचा पुढचा भाग तुमच्या सुयांवर आणि पाठ त्यांच्या, ते बंद झालं. (तेव्हा चालू होती ती जर्सी माझी होती. मला थंडी वाजली ते योग्यच झालं.) मामा गेले तेव्हा काकू फाटकापर्यंत येऊन परत गेल्या, ते मी बघितलं. घड्याळवाले काका गेले तेव्हा तुम्ही दिवसभर मागच्या खोलीत बसून राहिलात आणि गेला नाहीत, तेही बघितलं. दोन्ही वेळा मी तिथे होतो, मला तोंड होतं, आणि ते मी उघडलं नाही. फार शरम वाटते, मामी. ती पहिल्या दिवसापासून वाटते आहे.

ठोंबाची नोंद का केली नाही तेही सांगतो. नोंदीच्या फॉर्मवर मूळ जागेच्या मालकाचं नाव लिहावं लागतं आणि मग आमच्या ऑफिसातून त्या मालकाला छापील आभारपत्र जातं, ‘आपल्या आवारातील गवत दिल्याबद्दल’ असं. ते कार्ड तुमच्या हातात पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी एकोणपन्नासच नमुने देऊन बोलणी खाल्ली. (नोकरी तरीही पक्की झाली. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या उमेदवाराचे बेचाळीसच होते.) पण ठोंब फेकवेना, म्हणून शेताच्या कडेला लावला. कडेचं कोणी विचारत नाही. त्याचेच तुकडे फोडून फोडून दरवर्षी कडं वाढवत गेलो आणि दर कापणीला सगळ्यात आधी तेच कापून बाहेर टाकत गेलो. ते आतल्यापेक्षा चांगलं दिसतं हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे नीट बघायचाच धीर होत नव्हता.

तर अध्यक्षांनी पेन उघडून विचारलं तेव्हा ‘डोंगरउतारावरून’ असं काहीतरी मी सांगणार होतो. शब्द तोंडात तयार होते. आणि निघालं भलतंच: माझ्या मामीच्या मोरीमागून, चोरून. मग मी डेलिया, शेळी, भिंत, जर्सी सगळं सांगितलं, न विचारलेलंही. सांगून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी तिथेच बांधावर बसलो. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. फुलांच्या विभागाचे प्रमुख हळूच म्हणाले, ‘ताटाएवढा होता? जांभळा?’ आणि मी हो म्हटल्यावर लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. मुकादमबाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं, ते मला निवृत्तीनंतरही पुरेल. पण त्या दिवसापासून मला झोप लागते आहे. तुम्ही रागवाल, ते मी घेईन. मीठ तर गेलंच आहे, साखरही बंद करा. शेळी निर्दोष होती, आणि हे तुम्हाला माझ्याच हातून कळलं, एवढ्याने माझी सुटका झाली.

लहानांना आशीर्वाद सांगायचे तर तुमच्या घरी लहान कोणी नाही, आणि थोरांना नमस्कार सांगायचे तर थोर तुम्हीच. तेव्हा सगळे नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचा (अजून म्हणू देत असाल तर),
गवत्या

ता. क. वर ‘थोडंसं तुमच्या हातात आहे’ म्हटलं ते हे. सोबत फॉर्म जोडला आहे. त्यावर मूळ जागेच्या मालकाची, म्हणजे तुमची, संमतीची सही लागते. महिनाअखेरपर्यंत ती गेली तर विभाग राहिला, नाही गेली तर मोजपट्टी खिशातून पुन्हा बाहेर. चोरीनंतर अठ्ठावीस वर्षांनी दिलेली संमती चालते का, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, बाईंना चालत असेल तर आम्हाला चालेल. सही निळ्या शाईत.

ता. क. २. मूळ ठोंब जागेवर जिवंत असल्याचंही दाखवावं लागतं, ताडून बघायला. उरलेल्या मुळांवर ते पुन्हा फुटलं होतं, पण तुम्ही मोरीमागे फरशी केलीत तेव्हा तुमच्या बाजूचं सगळं गेलं, हे मला माहीत होतं. पण या गवताची मुळं भिंत जुमानत नाहीत. ती पायाखालून पलीकडे गेली आणि घड्याळवाल्या काकूंच्या परसात, तुमच्याच सांडपाण्याच्या ओलीवर, ते अजून पुरुषभर उभं आहे. म्हणजे मूळ जागा तुमची आणि उरलेला ठोंब त्यांचा. म्हणून फॉर्मवर सह्यांच्या जागा दोन आहेत, एकाच ओळीत, शेजारीशेजारी. दोन्ही सह्या एकमेकींसमक्ष व्हाव्यात असंही खाली आहे. (‘एकमेकींसमक्ष’ हे हाताने लिहिलेलं दिसेल. अक्षर अध्यक्षांचं आहे. मी फक्त सुचवलं.)

ता. क. ३. काकूंना हे सगळं सांगायला गेलो, तर त्यांना आधीच माहीत होतं. त्या दुपारी त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या आणि माझं ते बसणं त्यांनी वरून बघितलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाल्या, ‘तुझी नोकरी कच्ची होती रे. आणि शेळीचं काय, बाळ मोठं होत होतं, ती कधीतरी जायचीच होती. पण तिने म्हणावं, की मी मुद्दाम सोडली, तिच्या फुलावर जळून? ते लागलं मला.’ मग त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून जर्सीची पाठ काढून आणली. पुरी झालेली आहे. डांबरगोळ्या घालून ठेवली होती. तुम्ही पुढचा भाग उसवला असेल असं मी म्हणालो, तर म्हणाल्या, ती उसवणार नाही, मी ओळखते तिला.

ता. क. ४. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पत्र घेऊन दारात उभ्या आहेत त्या मुकादमबाई. त्यांना आत बसवा, त्या तुमच्यासारख्याच आहेत, स्वतःहून पाणीसुद्धा मागणार नाहीत. मी भिंतीच्या अलीकडे, काकूंच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितो आहे. सकाळपासून तुम्ही तीनदाच खोकलात. दूधवाल्याला काय म्हणालात तेही ऐकलं, चूक त्याचीच होती. मला दारात यायचा धीर होत नाही, मामी, वर कामाची गडबड लिहिली ती खोटी आहे. रागाने यायचं नसेल तर काही करू नका, आम्ही समजू. येणार असाल तर मोरीतली बादली भिंतीवर दोनदा वाजवा. काकूंनी चहा ठेवला आहे आणि मुकादमबाई धरून चार कप मांडले आहेत. त्या म्हणतात, चहा उकळून कडू होतोय, तिला लिही की फार विचार करत बसू नकोस. असंच लिहू का, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, ‘असंच लिही. आणि लिही, येताना पुढचा भाग घेऊन ये.’